सरकारी ताट, घरचा वजनकाटा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कलमं सतरा, आणि सोबत दिवसभराच्या ताटाचं एक चित्र. हे ताट २००० कॅलरींचं आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम. डाळी-कडधान्यं, अंडी, मासे, मांस हे सगळं मिळून ८५ ग्रॅम. भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. आहारसल्ला देणाऱ्याला हे चित्र रोज कुणाच्या तरी घरात उतरवून द्यावं लागतं, आणि तेव्हा समोरून हमखास प्रश्न येतो की एवढं खायचं? सरकारच जास्त खायला सांगतंय का?

चित्र आणि कागद यांचं उत्तर एक येत नाही. कागदावरचा हिशोब बराच काटेकोर आहे. तो लोकांच्या ताटापर्यंत ज्या वाटेनं पोचतो, त्या वाटेवर दर टप्प्याला थोडं थोडं वाढत जातं, आणि बैठं काम करणाऱ्या कितीतरी माणसांच्या बाबतीत ही वाढ दिवसाला तीन-चारशे कॅलरींवर जाते. हे कुठे कुठे होतं ते घरच्या घरी तपासता येतं. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, मोजमापाचा पेला, वही आणि एक आठवडा लागतो.

पहिलं काम म्हणजे कुणाला किती कॅलरी लागतात त्या तक्त्यातला आपला रकाना शोधणं. संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११०, मध्यम कामासाठी २७१० आणि जड कामासाठी ३४७० कॅलरी दिल्या आहेत. ५५ किलोच्या स्त्रीला अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०. रकाना एक घर चुकला की पुरुषाचा हिशोब तिथेच ६०० नं वाढतो. आणि तो चुकतोच, कारण "मी दिवसभर धावपळ करतो" असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. रोज पाऊण तास भरभर चालणारा माणूस त्यासाठी साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जास्त खर्च करतो. तेवढ्यानं तो मध्यम रकान्यात जात नाही. शेतमजूर, गवंडी, हमाल मध्यम रकान्यातले. जुन्या याद्यांमध्ये फिटर, टर्नर, वेल्डरही मध्यम कामातच धरलेले असत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचं बटण दाबून उभा राहणारा ऑपरेटर आणि त्या यादीतला टर्नर यांच्या अंगमेहनतीत फार अंतर पडलं आहे. मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन आणि नळाला पाणी असलेल्या घरातली गृहिणी बैठ्या रकान्यात येते. हे सांगणं जिवावर येतं, कारण तिचे कष्ट खरेच असतात. पण पाय दुखेपर्यंत ओट्याशी उभं राहणं आणि डोक्यावरून पाणी वाहणं यांचा कॅलरीचा खर्च सारखा नाही.

संख्या कशी निघते ते एकदा हातानं करून पाहावं. तरुण पुरुषासाठी वजनाला १५.१ नं गुणून ६९२ मिळवायचे. ६५ किलोला १६७४ च्या आसपास येतात. भारतीयांचा विश्रांतीतला खर्च या आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा कमी भरतो म्हणून त्यातून १० टक्के वजा करायचे, राहतात १५०६. बैठ्या कामासाठी १.४ नं गुणलं की २११० हातात येतात. २०१० च्या तक्त्यात हाच गुणक १.५३ होता आणि ६० किलोच्या पुरुषाला २३२०, तर ५५ किलोच्या स्त्रीला १९०० कॅलरी सांगितल्या होत्या. म्हणजे दहा वर्षांत पुरुषाचं प्रमाण वजन पाच किलोनं वाढवूनही त्याच्या कॅलरी २१० नं खाली आणल्या गेल्या. तज्ज्ञांनी आपला आकडा आपणच दुरुस्त केला, ही मोठी आणि चांगली गोष्ट आहे. पण २३२० आणि १९०० छापलेली पत्रकं अजून फिरतात. घरी असं पत्रक असेल तर आधी त्यावरचं साल पाहावं.

वय वाढलं की सूत्र बदलतं, आकडा आणखी उतरतो. ५० किलो वजनाच्या पंचेचाळिशीच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला साधारण १६०० कॅलरी पुरतात. साठीपुढच्या ६० किलोच्या पुरुषालाही जवळजवळ तेवढ्याच. २००० चं ताट या दोघांनाही रोज ४०० नं जास्त होतं. गणित करताना वजन कुठलं धरायचं यातही गोंधळ होतो. उंचीला योग्य ते वजन धरायचं. काट्यावर दिसणारं ८२ किलो धरलं तर सूत्र इमानेइतबारे ८२ किलो टिकवण्याचा आहार काढून देतं.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, पण सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे म्हणून नीट समजून घ्यायला हवा. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं यांची शिफारस ठरवताना सरासरी गरज काढतात आणि तिच्यावर सुरक्षिततेसाठी भर घालतात, म्हणजे जवळपास सगळ्या निरोगी माणसांची गरज त्यात भागते. प्रथिनांची सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम आहे आणि शिफारस ०.८३ ग्रॅमची. थोडं प्रथिन जास्त गेलं तर निरोगी माणसाचं बिघडत नाही. कॅलरीला हा नियम लावता येत नाही. लावला तर जवळपास प्रत्येकाला गरजेपेक्षा जास्त खायला सांगितल्यासारखं होईल. म्हणून कॅलरीसाठी तक्त्यात फक्त सरासरी गरज दिलेली असते, भर घातलेली शिफारस नसते. सरासरी याचा अर्थ त्याच वजनाच्या, तेच काम करणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना तो आकडाही जास्तच होणार. मूळ अहवाल वाचणाऱ्याला हे कळतं. पण बिस्किटाच्या पुड्यावर हा फरक पुसला जातो. आपल्याकडच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार प्रत्येक वाढपातून रोजच्या शिफारशीचा किती टक्के भाग मिळतो ते छापावं लागतं, आणि कॅलरीची ती टक्केवारी सरसकट २००० वर काढलेली असते. पुड्यावर १० टक्के म्हणजे २०० कॅलरी. १६०० ची गरज असलेल्या बाईसाठी ते १२.५ टक्के झाले, १४२० ची गरज असलेल्या आजीसाठी १४ च्या घरात.

हा २००० मुळात अमेरिकेतल्या लेबलांवरून रुळलेला आकडा. तिथे १९९० मध्ये आधी २३५० सुचवला होता. जास्त खायला उत्तेजन मिळेल अशा हरकती आल्या आणि तो उतरवून २००० वर आणला. म्हणजे आज आपण करतो ती शंका त्या आकड्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना पाठ असलेले ग्रामीण २४०० आणि शहरी २१०० हे आकडे तर निराळ्याच कामाचे. ते नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिगटाचे, दारिद्र्यरेषा आखण्यासाठीचे. ताट वाढताना त्यांचा आधार घेऊ नये.

आता स्वयंपाकघरात. ताटातली धान्य-डाळींची वजनं कच्च्या जिन्नसांची आहेत, ही गोष्ट चित्रात लक्षात येत नाही. ८५ ग्रॅम डाळ शिजून अडीचशे ग्रॅमच्या आसपास होते, ३० ग्रॅम तांदळाचा भात ९० ग्रॅम भरतो. कुणी शिजलेली ८५ ग्रॅम आमटी मोजतं, मग प्रथिनं कमी पडतात आणि भूक पोळीवर भागवली जाते. मोबाइलवरच्या ॲपमधली "एक वाटी" तर कुठल्याच घरातली नसते. आपली वाटी पाण्यानं भरून काट्यावर ठेवावी. महाराष्ट्रातल्या घरांत ११० मिलीपासून २०० मिलीपर्यंतच्या वाट्या असतात. साध्या आमटीच्या दीडशे मिलीच्या वाटीत कच्ची डाळ २० ते २५ ग्रॅमच असते. आमटी पातळ असेल तर त्याहून कमी.

पोळी-भाकरीचं वजन उंड्यावरून काढता येतं. साठ-सत्तर ग्रॅम ज्वारीचं पीठ, जवळपास तेवढंच गरम पाणी, म्हणजे थापायला घेतलेला उंडा १२० ते १३० ग्रॅमचा. त्यातून ताटभर नाही पण वीतभर भाकरी होते आणि तिच्यात सव्वादोनशे कॅलरी जातात. फुलक्याला २५ ग्रॅम कणीक पुरते. घडीच्या पोळीला ३५ ते ४०, शिवाय घडीत अर्धा चमचा तेल आणि वरून तुपाचं बोट. म्हणून "दोन पोळ्या" या शब्दांत १६० कॅलरी असू शकतात आणि ३२० सुद्धा. आहारपत्रकात नुसतं "पोळ्या २" लिहिणाऱ्यानं काहीच लिहिलेलं नसतं.

प्रत्येक ताट मोजत बसण्याची गरज नाही. तसं केलं की माणसं त्या आठवड्यापुरती कमी खातात आणि वही खोटी होते. डबे मोजावेत. रविवारी सकाळी चहाआधी कणीक, ज्वारीचं पीठ, तांदूळ, पोहे, रवा, प्रत्येक डाळ, दाणे, कूट, सुकं खोबरं, साखर, गूळ, तेल, तूप हे सगळं डब्यासकट तोलून लिहायचं. आठवडाभर नवीन आणलेलं त्याच पानावर टिपायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तोलायचं आणि वजाबाकी करायची. पाहुण्यांची जेवणं, कामवाल्या मावशींना दिलेलं, उरून टाकलेलं वेगळं नोंदवायचं. बाहेर खाल्लेलं नावानिशी लिहायचं. सणाचा किंवा लग्नसराईचा आठवडा घेऊ नये, पण उपासाचा दिवस आला तर येऊ द्यावा.

चार माणसांचं घर धरू. पंचेचाळिशीचा ६५ किलोचा पुरुष, बेचाळिशीची ५० किलोची स्त्री, पंधरा वर्षांचा मुलगा, सत्तरीच्या ५० किलोच्या आजी. सूत्रं लावली तर पुरुषाला २०४०, स्त्रीला १६००, मुलाला तक्त्याप्रमाणे २८६० आणि आजींना १४२० कॅलरी लागतात. बेरीज ७९२०, चौघांत भागिले १९८०. घराची सरासरी म्हणून दोन हजारांचं ताट इथे बिनचूक बसतं. पण या घरात २००० कॅलरींची गरज असलेला माणूस एकच आहे, वडील. चारही ताटं सारखी वाढली तर आई आणि आजी जास्त खातात आणि मुलगा कमी. मग तो ते वडापाव आणि चिप्सनं भरून काढतो. मुलाचा आकडाही मैदानावर खेळणाऱ्या मुलाचा आहे. शाळा, क्लास, मोबाइल एवढंच असेल तर तो खाली येतो. आपल्या आहारतत्त्वांविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे: संपूर्ण समाजासाठी काढलेली सरासरी एका माणसाच्या ताटाच्या आकारात छापली, आणि "हे ताट कुणाचं" हे ठळक अक्षरात सांगायचं राहिलं.

वजाबाकीत पहिली जास्तीची संख्या बहुतेक तेलाची निघते. चौघांना २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर तेल-तूप-लोणी मिळून पुरायला हवं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी ३८ ग्रॅम झालं. रोज शंभर कॅलरी वरकड, आणि तूप त्यात अजून धरलेलंच नाही. तुपाचा "एक चमचा" पाच ग्रॅमचा आहे की पोह्याच्या मोठ्या चमच्याचा बारा ग्रॅमचा, तेही काट्यावर पाहावं.

दुसरी जागा दुधाची. ताटाच्या हिशोबात ३०० मिली दुधाला साधारण २१६ कॅलरी धरल्या आहेत. हे गायीच्या दुधाचं गणित, १०० मिलीला ७३ च्या आसपास. म्हशीचं दूध १०७ देतं. पश्चिम महाराष्ट्रात ज्या घरी म्हशीचंच दूध येतं तिथे तेच ३०० मिली ३२० कॅलरींचे होतात. साय काढली तर फरक घटतो, पण सायीचं तूप पुन्हा त्याच घरात खाल्लं जातं. चहातलं दूधही याच ३०० मिलीमधलं. चहा निराळा आणि रात्री पेलाभर दूध निराळं, असं होतं तेव्हा ताटाचं मोजमाप सुटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा ३५ ग्रॅम दाण्यांचा. "रोज सुकामेवा खा" एवढंच लोकांच्या कानी पडतं, आणि सकाळी चार बदाम, दोन अक्रोड सुरू होतात. मराठी स्वयंपाकात हे ३५ ग्रॅम आधीच शिरलेले असतात. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट आणि तीळ, आमटीत खोबरं, भाकरीसोबत दाण्याची चटणी. एका मोठ्या चमच्यात १० ग्रॅम कूट बसतं, त्याच्या ५२ कॅलरी होतात. शाबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घ्या: शाबुदाणा ६० ग्रॅम, कूट ३०, तूप १०, थोडा बटाटा. पावणेपाचशेच्या पुढे कॅलरी होतात आणि दिवसभराचे दाणे त्या एका बशीत संपतात. बदाम चांगलेच आहेत, पण ते कुटाच्या जागी यायला हवेत. मार्गदर्शक तत्त्वं "काय खा" हे सविस्तर सांगतात, "कशाच्या ऐवजी" हे तेवढ्या ठळकपणे सांगत नाहीत, म्हणून प्रत्येक चांगला सल्ला घरात बेरीज होऊन येतो. २०२३ च्या भरडधान्य वर्षात नेमकं हेच झालं. नाचणी भाताच्या जागी येण्याऐवजी नाचणीची बिस्किटं चहाबरोबर आली.

साखर तर त्या ताटात नाहीच. सात गटांची बेरीज केली की १९८७ कॅलरी होतात, साखर-गुळाला जागा उरत नाही. वरची मर्यादा २५ ग्रॅमची सांगितली आहे, पण ती घ्यायची तर दुसरं काही काढावं लागतं. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा म्हणजे ३० ग्रॅम, १२० कॅलरी.

आता २००० चं ताट १६०० वर आणू. भाजी, फळ, दूध, डाळ यांना हात लावायचा नाही, कारण प्रथिनं, लोह, कॅल्शियम यांची गरज ताटाबरोबर घटत नाही. ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतातच. धान्य २५० वरून १८० ग्रॅमवर आणलं की २३५ कॅलरी जातात. तेल २७ वरून २० वर, ६३ गेल्या. दाणे ३५ वरून २०, आणखी ७८. राहिल्या १६१० च्या आसपास. दिवसाची मांडणी अशी: सकाळी ४० ग्रॅम पोहे, त्यात कांदा, मटार, गाजर मिळून पोह्यांपेक्षा जास्त. दुपारी तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, घट्ट उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. रात्री साठ ग्रॅमची एक ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, फळभाजी आणि २० ग्रॅम तांदळाचा भात. बटाटा, रताळं, शाबुदाणा, टोस्ट, खारी हे सगळं १८० ग्रॅम धान्याच्या खात्यात लिहायचं. भाजी ४०० ग्रॅम म्हणजे निवडून, सोलून उरलेली. बाजारातून माणशी पाचशे ग्रॅम आणावी लागते, आणि महिन्याचा खर्च खरा वाढतो तो इथे.

पहिल्या दहा दिवसांत दोन अडचणी येतात. रात्री नऊनंतर भूक लागते. तेव्हा बहुतेक वेळा डाळ पातळ राहिलेली असते किंवा दुपारची भाजी पाव वाटीवर आलेली असते. दुसरी, पोट गच्च होणं आणि वायू. कडधान्यं एकदम दुप्पट केल्यानं असं होतं. आठवड्याला दहा ग्रॅमनं वाढवावीत, मोड आणावेत, भिजवलेलं पाणी फेकावं.

रोजच्या जास्तीच्या कॅलरींचा हिशोब "७७०० झाल्या की एक किलो" असा सरळ चालत नाही, कारण शरीर जड होतं तसा त्याचा खर्चही वाढतो. ठोकळ मानानं रोज २४ कॅलरी कायम जास्त गेल्या की काही वर्षांत वजन एक किलोनं वर जाऊन थांबतं. रोज २०० जास्त, तर आठ किलो. उलट दिशेलाही हेच. म्हणून ताट बदलल्यावर पहिल्या वर्षात निम्माच फरक दिसला तर ताट चुकलं असं समजू नये. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, आणि कंबर महिन्यातून एकदा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही मर्यादा धरतात. चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर धान्य आणखी ३० ग्रॅमनं कमी करावं. त्याआधी तेलाचा डबा पुन्हा तोलून पाहावा.

ही कात्री सगळ्यांना लावायची नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या, आणि जवळजवळ १९ टक्के गरजेपेक्षा बारीक. एकच कागद दोघींसाठी लिहायचा आहे, ही त्या समितीची खरी अडचण आहे आणि ती मान्य करायला हवी. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला बैठ्या रकान्याचं ताट लावणं अन्याय होईल. शाळेच्या माध्यान्ह भोजनातल्या प्राथमिकच्या ४५० आणि उच्च प्राथमिकच्या ७०० कॅलरी आणि अंगणवाडीतला आहार यांत काटछाट करण्याचा विचारही नको. गरोदर बाईला ३५० कॅलरी जास्त लागतात, "दोन जिवांचं" म्हणून दुप्पट नाही. बाळंतिणीला पहिले सहा महिने ६००, त्यानंतर वर्षापर्यंत ५२०. चाळीस ग्रॅमच्या एका डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. तीन लाडवांत जादा गरज संपते, पण लाडवांसोबत खीर, तुपाचा शिरा आणि अळीव वेगळे असतात, आणि सहा महिन्यांनंतरही तेच चालू राहतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर धान्य ७० ग्रॅमनं एकदम कमी करू नये, साखर खाली जाते. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा, मग आठवड्याला वीस-वीस ग्रॅमनं उतरावं, आणि त्या दिवसांत पहाटेची व रात्रीच्या जेवणाआधीची साखर घरच्या यंत्रावर पाहून त्याच वहीत लिहावी.